रड, पण हात वर ठेवून

नॉर्वे, मासळीचा कारखाना
१० फेब्रुवारी

लाडक्या मोंचामावशी,

तुझा फोन लागत नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "तिने तो बेसिनखालच्या कपाटात ठेवलाय, साबणाशेजारी. वाजला की पाठ फिरवून भांडी घासते." म्हणून हा कागद. शाळेत एवढं लिहिलं असतं तर बाईंनी माझा नाद सोडला नसता. चुका काढत बसू नकोस.

मावशी, तू काय होऊन बसलीयस हे तुला ठाऊक आहे का गं?

परवा जेवणाच्या सुट्टीत जोमार फोन घेऊन आला. जोमार म्हणजे माझ्या शेजारी उभा राहून माशाचे काटे ओढतो तो, फिलिपिन्सचा. म्हणाला, "ही बाई बघ, कसली जबरदस्त आहे." बघतो तर काय, आपल्या रिबादेलाचा हँडबॉलचा हॉल! ती पोपडे आलेली हिरवी भिंत, तुझं ते चेन तुटलेलं निळं जाकीट, आणि तू तुझ्या गोलकीपरच्या, उशियाच्या, खांद्यांना धरून उभी. ती रडतेय. आणि तू म्हणतेस, "रडायचं तर रड गं. पण हात वर ठेवून रड." मग ती नाक पुसत, दोन्ही हात वर करून गोलात जाऊन उभी राहते. एवढंच. एवढ्याशा व्हिडिओवर सगळं जग वेडं झालंय! कोणी त्याला चाल लावलीय, कोणी कपांवर छापलंय. कोरियातली एक पोरगी आरशासमोर तुझी नक्कल करते, थेट तुझ्यासारखं नाक फुगवून.

मी म्हटलं, ही माझी सख्खी मावशी. कोणी ऐकेना. शेवटी जत्रेत तू मला खांद्यावर घेतलेला फोटो दाखवला, तेव्हा गप्प झाले. तेव्हापासून इथे मला भाव आहे. आधी मी नुसता 'तो स्पेनचा, तोंड बंद न ठेवणारा' होतो. आमची मुकादमीण, जिला 'हात उचला' यापलीकडे शब्द येत नाहीत, ती काल माझ्यामागे येऊन चक्क आपल्या भाषेत म्हणाली, "रड, पण हात वर!" मला इतकं बरं वाटलं ना मावशी. इथे सूर्य थोडा वेळ तोंड दाखवतो आणि जातो. कोणी आपल्या भाषेतलं काही बोललं की अंगावर ऊन पडल्यासारखं होतं.

काल आम्ही अख्ख्या लायनीने फोटो काढला. पांढरे एप्रन, हात वर, रडकी तोंडं. जोमारने तर खरं पाणी यावं म्हणून डोळ्यांना कांदा चोळला. मी तो टाकला आणि वर लिहिलं, 'रिबादेलाच्या उशियाला, पृथ्वीच्या टोकावरून.' धो धो चाललाय!

तिला आवडला का विचार. हल्ली आमचं बोलणं होत नाही, माझ्या पाळ्यांमुळे.

तुझा,
अमारो

---

रिबादेला
१९ फेब्रुवारी

अमारो, गाढवा,

पत्र मिळालं. पहिल्या आठ ओळींत चौदा चुका, पण वाचताना हसू आलं, म्हणून माफ.

मी काय होऊन बसलेय ते मला नीट कळलंय, बाबा. बाजारात कार्मेकडे मासळी घ्यायला गेले तर ती सुरी टाकून दोन्ही हात वर करते. तोलायचं सोडून! फादरनी रविवारी प्रवचनात माझं वाक्य घेतलं. मला न विचारता. वर मला म्हणतात, "मोंचा, तुझ्यामुळे मागच्या बाकांवरची माणसं पुढे आली." एक डबाबंद मासळीवाली कंपनी मला सार्डिनचा डबा हातात धरून तेच वाक्य म्हणायला सांगतेय. मी म्हटलं, सार्डिन कशाला रडेल? ते म्हणाले, "बाई, तुम्ही फारच गमतीशीर आहात," आणि पुन्हा फोन केला. त्या दिवशी फोन साबणाशेजारी गेला.

इतकी वर्षं देशाच्या संघात गोल राखला तेव्हा बेकरीवाल्याने कधी उधारीचा पाव दिला नाही. आता फुकट देतो. तुझ्या आईला मात्र मजा वाटतेय. ती दारात उभी राहून फोटोवाल्यांना रांगेत लावते.

आता दुसरं. उशिया त्या सामन्यानंतर सरावाला आलेली नाही. गुडघा दुखतो म्हणे. माझा विश्वास नाही. त्या दिवशी तिने फार गोल खाल्ले. एक तर पायांमधून गेला, अगदी साधा, कोपऱ्यातून मारलेला. गोलकीपरला तो गोल झोपू देत नाही, मला माहीत आहे. मी म्हटलं, चार दिवस जाऊ देत, येईल. पण रस्त्यात शेंबडी पोरं तिला बघून हात वर करतात आणि भोकाड पसरतात. तुझा फोटो मला बेकरीतल्या मुलीने दाखवला. मी हसले. मग उशियाच्या आईला दाखवला. ती हसली नाही.

आणि एक सांगते, आईला बोलू नकोस. गेल्या दोन सामन्यांत मी टाइम-आउट घेतलाच नाही. चेंडू आपल्याकडे होता, पोरी दमल्या होत्या, हिरवं कार्ड टेबलावर ठेवायचं आणि बोलवायचं, एवढंच काम. पण खिशात हात घातला की समोरच्या बाकांवर सगळे फोन वर येतात. जणू मी आता गाणं म्हणणार आहे. मग कार्ड खिशातच राहतं. आम्ही दोन्ही हरलो. लोक तरी टाळ्या वाजवत होते.

तुझं आणि उशियाचं काही बिनसलंय का?

मावशी

ता. क. पायमोजे पाठवलेत. लोकरीचे आहेत, गरम पाण्यात टाकू नकोस.

---

नॉर्वे
१ मार्च

लाडक्या मावशी,

पायमोजे मिळाले. जोमारला एक जोडी दिली, ओरडू नकोस, त्याच्या देशात लोकरच नसते.

तू उगाच जिवाला लावून घेतेस. लोक प्रेमानेच करतात गं! पोरं काय, पोरंच. माझ्या डोक्यात एक कल्पना आहे. तू आणि उशिया दोघी मिळून दुसरा व्हिडिओ करा. ती हसतेय, हात वर, आणि तू म्हण, "आता हस, पण हात वर ठेवून हस." सगळं निवळेल. आणि टाइम-आउट घे ना, तुझी वाट बघत असतात लोक. माझ्या मावशीला कोणाची भीती वाटते हे मला पटतच नाही. आमच्या लहानपणी तू त्या पिसाळलेल्या बोकडाला नुसतं रोखून बघून मागे ढकललं होतंस.

बिनसायला आमचं काही होतं कुठे? म्हणजे होतं. तुला माहीतच आहे, उगाच कशाला लपवू. पण मी तिला मोकळेपणाने सांगून टाकलं. तुझा तो सामना झाला ना, त्याच शनिवारी दुपारी मेसेज केला, 'माझी वाट बघू नकोस, मी परत येईन असं वाटत नाही.' मावशी, मी एका जागी टिकत नाही. कालवांच्या तराफ्यांवर टिकलो नाही, बारमध्ये नाही, परांच्यांवर नाही. आता इथला एक जण म्हणतो कॅनडाला खेकड्यांच्या बोटींवर माणसं हवीत. मग त्या पोरीने खिडकीत बसून म्हातारं व्हायचं का? मी चांगल्यासाठीच केलं. आणि तिनेही काही मनाला लावून घेतलं नाही. नुसता अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे ठीक आहे, असंच ना?

गुडघ्याचं काय ते डॉक्टरला दाखवा.

अमारो

---

रिबादेला
१२ मार्च

अमारो,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मग रबरी बूट चढवले आणि ओहोटीला खाडीत गेले.

उशिया आईबरोबर चिखलातले तिसऱ्यांचे शिंपले काढत होती. मी शेजारी जाऊन दाताळं मारायला लागले. मला येत नाही ते, तुला माहीत आहे. तिची आई बघत राहिली, मग हळूच लांब सरकली. आम्ही दोघी कितीतरी वेळ वाकून चिखल ओढत होतो. शेवटी तीच म्हणाली, "कोचबाई, तुम्ही बारीक तिसऱ्याही उचलताय. त्या परत टाकायच्या असतात."

मी म्हटलं, "मला काय कळतंय."

ती म्हणाली, "हो ना. तुम्हाला काही कळत नाही."

अमारो, आपल्या गावात माझ्याशी असं कोणी बोलत नाही. मी दाताळं खाली ठेवलं.

"त्या दिवशी मी का रडत होते, विचारलंत का तुम्ही?" ती म्हणाली. "कधी तरी? एकदा तरी?"

मी विचारलं नव्हतं. मला वाटलं मला ठाऊक आहे. इतकी वर्षं गोलात उभी राहिलेय, माझी बोटं बघ, एकही सरळ नाही. मला वाटतं, जगात जो कोणी रडतो तो गोल खाल्ला म्हणूनच रडतो. मी तिच्याकडे बघितलं, मला पायांमधून गेलेला चेंडू दिसला. आणि मी गोलकीपरला म्हणतात ते म्हटलं. हात वर ठेव. माझ्या कोचने मला तसंच म्हटलं होतं, आणि मी तेच पुढे दिलं.

ती म्हणाली, "मी हातांना राळ लावत होते. चेंडू पकडायला लावतो ना, ती. तेवढ्यात फोन बाकावर वाजला. चिकट बोटाने उघडला. 'माझी वाट बघू नकोस.' बोटं पडद्याला चिकटत होती, काही लिहिता येईना. अंगठा तेवढा दाबला गेला. मग शिट्टी झाली."

आता तुला कळलं अंगठ्याचं?

मग म्हणाली, "अख्ख्या जगाने मला रडताना बघितलं, आणि सगळे हसले. ठीक आहे, त्यांना माहीत नव्हतं. पण त्याने पण? माशांचा एप्रन घालून? हात वर करून? माझं नाव लिहून?"

मी तिला म्हटलं, त्यालाही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "तेच तर. त्यालाही नव्हतं, तुम्हालाही नव्हतं. बाकी सगळ्या जगाला मात्र मी माहीत आहे."

पाणी चढायला लागलं. मी तिची टोपली उचलून किनाऱ्यापर्यंत नेली. तिने नेऊ दिली. एवढंच.

मी तुला रागावत नाहीये. ओरडा खायच्या रांगेत मीच आधी आहे. पण तुला कळायला हवं म्हणून लिहिलं.

मावशी

---

नॉर्वे
२० मार्च

मावशी,

फोटो काढून टाकला. पण लोकांनी उचलून पुढे पाठवलाय, तो आता कुठेकुठे आहे ते माझ्या हातात नाही. जोमारला सगळं सांगितलं. त्याने कांदा आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मी खाणारच नाही आता." वेडा आहे. मुकादमीण माझ्याजवळून जाताना पुन्हा तेच वाक्य म्हणाली, मी म्हटलं, "बाई, ते नका म्हणू." तिने विचारलं का. मी म्हटलं, ती मुलगी माझी आहे. मग म्हटलं, होती. त्यानंतर ती दिवसभर मला 'हात उचल' म्हणाली नाही.

मी तो व्हिडिओ पुन्हा बघितला. तू म्हणतेस ना, चिकट बोटं. तिच्या जर्सीवर पोटाजवळ राळेचा डाग आहे. हात पुसलेला. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला होता, लोकांना दाखवला होता, अभिमानाने! आणि ती माझ्यामुळे रडत होती, आणि मी म्हणत होतो, बघा, माझी मावशी.

मी काय करू सांग. तू सांगशील ते करीन. कॅनडाचं रद्द केलं. तुझ्या हातून तिला चिठ्ठी देऊ का?

अमारो

---

रिबादेला
२७ मार्च

अमारो, माझ्या राजा,

मला विचारू नकोस काय करू म्हणून. मी आयुष्यात एकदा कोणाला काय करावं ते सांगितलं, तर ते कपांवर छापलं गेलं.

माझ्या हातून चिठ्ठी-बिठ्ठी नाही. मी कोच आहे, पोस्टमन नाही. तिचा पत्ता तुला पाठ आहे, लहानपणी त्याच घराच्या खिडकीवर खडे मारायचास. आणि लिहिलंस तर गंमत करू नकोस. तुला भीती वाटली की तू गंमत करतोस, अगदी तुझ्या आजोबांसारखा. तेही बोट बुडायला लागली की विनोद सांगायचे, असं त्यांच्याबरोबरचे लोक सांगतात.

जेवतोस ना नीट? तिकडचं ते तपकिरी चीज खाऊन माणूस जगतो का?

मावशी

---

रिबादेला
९ एप्रिल

अमारो,

आज भरभरून सांगायचंय, बसून वाच.

मंगळवारी सराव संपता संपता उशिया आली. गुडघ्याला काही बांधलेलं नव्हतं. ती सरळ माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मी खेळते. पण एक अट. शनिवारी तुम्ही टाइम-आउट घ्यायचा आणि तोंड उघडायचं नाही. मी बोलणार."

गोलकीपर अट घालते! मला! मी म्हटलं, "आणि मला काही सांगायचं असेल तर?"

"जेवायला बोलवा, तेव्हा सांगा."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

शनिवारी हॉल भरलेला. लांबून माणसं आलेली, काहींच्या छातीवर माझं वाक्य. फादर पहिल्या रांगेत. उशियाला बघताच वरच्या बाकांवरून कोणीतरी भोकाड पसरलं, हात वर करून. तुझी आई उठली, अमारो. तुझी आई, जी झुरळाला घाबरते. ती पायऱ्या चढून त्या माणसाशेजारी जाऊन बसली आणि सामना संपेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. सामन्याकडे नाही. त्याच्याकडे. बिचाऱ्याने हात मांडीखाली घातले ते काढलेच नाहीत.

उत्तरार्धात आम्ही मागे पडलो. चेंडू आपल्याकडे आला, मी कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. शिट्टी झाली. सगळे फोन वर. पोरी गोल करून उभ्या राहिल्या, मी मध्ये, ओठ मिटून. इतके दिवस जी भीती वाटत होती ती अशी कशी गेली कोण जाणे. न बोलणं इतकं सोपं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. उशियाने तोंडावर हात धरला, म्हणजे ओठ कोणाला वाचता येऊ नयेत, आणि बोलली. फार नाही. पोरी आधी थबकल्या, मग एकेक करून हसायला लागल्या, मग त्यातली पेरेगरीना रडायला लागली, आणि पुन्हा हसली. मीही. मला जाकिटात तोंड लपवावं लागलं.

एका गोलने हरलो. पण ती खेळली, बाबा! शेवटचे तीन फटके तर असे अडवले की मला माझी बोटं दुखल्यासारखी वाटली. आणि दोन्ही हात वर नव्हतेच. एक खाली, एक वर, तिचं तिचं काहीतरी. मी तिला कधी शिकवलं नव्हतं ते.

आता त्याचाही व्हिडिओ फिरतोय. सगळ्यांना एकच हवंय, तिने काय सांगितलं. टीव्हीवाले दारात. सार्डिनवाले पुन्हा. मी सगळ्यांना सांगते, मी बहिरी आहे. तुझी आई त्यांना सांगते, ती वेडी आहे.

तुलाही हवं असेल. नाही सांगणार.

तिला तुझं पत्र मिळालं, एवढं मला कळलंय. कसं कळलं? सामन्यानंतर जेवायला बोलावलं होतं. तिने बटाट्याचं सूप दोनदा घेतलं आणि म्हणाली, "त्याचं अक्षर अजून तसंच घाणेरडं आहे." रागाने नाही म्हणाली.

फोन कपाटातून काढलाय. पण पत्रच पाठव. पत्रात तू थोडा खरा वाटतोस.

मावशी

---

नॉर्वे
१७ एप्रिल

लाडक्या मावशी,

तिने टाइम-आउटमध्ये काय सांगितलं ते मी विचारत नाही. जोमारला मात्र जाणून घ्यायचंय, तो रोज छळतो. मी त्याला सांगितलं, ज्यांना सांगायचं होतं त्यांना सांगून झालंय.

तिचं उत्तर आलं. मी ते डबा खायच्या खोलीत उघडलं नाही, बाहेर धक्क्यावर जाऊन उघडलं. मला वाटलं होतं, मोठं असेल, शिव्या असतील. मी माझ्या पत्रात खूप लिहिलं होतं. तू म्हणालीस म्हणून एकही गंमत केली नव्हती, तीन पानं फाडून टाकली तेव्हा जमलं. मी कुठेच टिकत नाही ते लिहिलं. आणि हेही की टिकत नाही म्हणून मी आधीच निघून जातो, म्हणजे कोणी मला घालवायला नको. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. तुलाही नाही. आता तुलाही कळलं.

मुकादमिणीने सुट्टी दिली. विचारलं, परत येशील का? मी म्हटलं, एका गोलकीपरला विचारून सांगतो. ती म्हणाली, "तिला हवा तेवढा वेळ दे." एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. जोमार तर थांबून बघायलाच लागला.

मी पुढच्या रविवारी पोचतो. आईला सांग. उशियाला सांगू नकोस. नको, सांग. नाही, थांब, मीच सांगेन.

उत्तरात काय होतं, ते तू विचारणार. 'ये' लिहिलेलं नाही. 'येऊ नकोस'ही नाही. कसा आहेस, मी कशी आहे, काहीच नाही. नुसत्या येत्या दोन आठवड्यांतल्या, ती तिसऱ्या काढायला खाडीत उतरते त्या ओहोटीच्या वेळा लिहून पाठवल्यात, एकाखाली एक, अगदी नीट अक्षरात.

माझे रबरी बूट माळ्यावर आहेत का बघ. उंदरांनी खाल्ले असतील तर तुझे दे.

तुझा,
अमारो